दोघांची कयाक सरळ जात नाही आणि डुलते: शोध कुठून सुरू करावा

कर्लीच्या खाडीत देवबागच्या काठावरून निघायचं आणि पलीकडचा एक वाकडा माड गाठायचा, हा आमचा रविवारचा नेम. माड समोर दिसत असायचा, तरी आम्ही तिथे कधी सरळ पोहोचलो नाही. पाचसहा वल्ही मारली की कयाकची नाळ, म्हणजे पुढचं टोक, डावीकडे वळायची. मागे बसलेली मी डाव्या अंगाने एक जोरकस वल्हं ओढायची, नाळ सरळ यायची आणि न थांबता उजवीकडे निघून जायची. मग उजव्या अंगाने तेच. पलीकडे पोहोचेपर्यंत निम्मी ताकद कयाक वळवण्यातच गेलेली असायची. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की नाळ वाऱ्याकडे करून ती हटून बसायची. आणि या सगळ्यात डुलायची इतकी, की नवऱ्याने मान वळवून काही विचारलं तरी माझे हात वल्ह्यावर घट्ट व्हायचे.

असे दोन हंगाम गेले. दोघांची कयाक घेतलेल्या बऱ्याच जणांकडून मी हीच तक्रार ऐकली आहे, आणि जवळपास सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: मागे स्केग लावा. स्केग म्हणजे बुडाखाली मागच्या टोकाजवळ बसवलेला उभा पंख. आम्हीही तो लावला, पण सगळ्यात शेवटी, आणि तोवर बरंचसं दुखणं गेलेलं होतं. कयाक वळते ही तक्रार एक असली तरी त्यामागे तीनचार निराळी कारणं असतात. कारण न शोधता लावलेला पंख एक कारण झाकतो आणि बाकीची तशीच राहतात.

आमची कयाक 'वर बसायच्या' जातीची, म्हणजे पोटात न शिरता वरच्या खळग्यांत बसायचं अशी; प्लास्टिकची, कुणीतरी वापरून विकलेली. लांबी सुमारे ३.७ मीटर, रुंदी ८६ सेंटीमीटर, रिकामी ३२ किलोच्या आसपास. अशी आखूड, रुंद, सपाट बुडाची कयाक मुळातच सरळ चालण्यात कमी असते. तिची रचना पटकन वळण्यासाठी आणि सहज चढता यावं म्हणून केलेली असते. तिच्याकडून लांब अरुंद कयाकसारखी चाल मागू नये. पण आमची वळत होती तितकी अशी आखूड कयाकही वळत नाही.

तपासायचं कसं

आधी पाणी निवडा. खाडीत मधल्या धारेला ओढ जास्त आणि काठालगत कमी असते. नाळ धारेत शिरली आणि मागचं टोक अजून संथ पाण्यात असलं, तर कुठलीही होडी फिरते. त्यात कयाकचा दोष नसतो. म्हणून आम्ही उधाणाचे दिवस टाळून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते, धरले. कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, दशमीला साडेसात. भरती पूर्ण होऊन पाणी उभं राहतं तेवढ्या वेळात काम उरकायचं. सकाळची ही वेळ आणखी एका कारणासाठी चांगली: जमिनीवरून येणारा मतलई वारा पडत आलेला असतो आणि समुद्रावरचा खारा वारा अजून सुटलेला नसतो. तलावावर असाल तर फक्त वारा सांभाळा.

मग चांगला वेग घ्या, समोरच्या काठावर एक खूण धरून नाळ तिच्यावर रोखा आणि दोघांनी एकाच वेळी वल्ही उचलून मांडीवर ठेवा. आता हात लावायचा नाही. कयाक आपल्या वेगाने सरकत असताना कुठे वळते ते फक्त बघायचं. असं दहा वेळा करा; पाच वेळा शेवटचं वल्हं डावीकडचं, पाच वेळा उजवीकडचं. काठावर आल्यावर वहीत लिहा, कारण अशा गोष्टीत आठवण आपल्याला हवं तेच सांगते.

शेवटचं वल्हं उजवीकडचं असताना ती डावीकडे आणि डावीकडचं असताना उजवीकडे वळत असेल, तर बूड ठीक आहे, मागचं टोक सैल आहे. वजनाची मांडणी बघा आणि मग स्केगचा विचार करा. शेवटचं वल्हं कुठलंही असो, ती एकाच बाजूला जात असेल, तर कारण कयाकमध्येच आहे: बुडाचा पोचा, पोटातलं पाणी, एका अंगाला बांधलेलं सामान, वाकडा बसलेला पंख. सरकताना सरळ जाते आणि वल्हवतानाच वळते, तर कारण तुमच्या हातांत आहे. आणि बिनवाऱ्याच्या पाण्यात सगळं ठीक, फक्त वाऱ्यात नाळ फिरते, तर पुन्हा वजन आणि स्केग.

आमच्या वहीत दहापैकी सात वेळा डावीकडे, तीन वेळा उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी झपाट्याने. म्हणजे दोन दुखणी एकमेकांत मिसळलेली.

जड माणूस कुठे बसतो

नवरा ८४ किलोचा, मी ५७ किलोची. पहिल्या दिवसापासून तो पुढे बसत होता. "मी पुढून ओढतो, तू मागून दिशा सांभाळ," असं त्याचं म्हणणं, आणि ऐकायला ते बरोबरही वाटायचं. आमच्या शेजारचे आबा तरुणपणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलेले. एकदा आम्ही काठाला लागत असताना ते बराच वेळ कयाककडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "फुडे जड नि मागे हलकी, मगे होडी आयकतली कशी?"

त्यांचं हे एक वाक्य आमच्या दोन हंगामांचं उत्तर होतं. कयाक पुढे जाते तेव्हा नाळ पाणी कापत, दाबत जाते. त्या दाबामुळे नाळ जागच्या जागी धरली जाते. मागच्या टोकाशी मात्र पाणी मोकळं, खळबळलेलं असतं, तिथे धरून ठेवणारं काही नसतं. म्हणून बाजूचा वारा मागच्या टोकाला सहज ढकलतो आणि नाळ वाऱ्याकडे फिरते. वल्ह्याचा प्रत्येक फटकाही तेच करतो. आता पुढे २७ किलो जास्त बसवले तर नाळ आणखी रुतते आणि मागचं टोक पाण्यातून वर येतं. कयाक नाळेभोवती दरवाज्यासारखी फिरू लागते.

आम्ही जागा बदलल्या. त्याचा दुसरा फायदा आधी ध्यानात आला नव्हता: मागच्याला पुढच्याचं वल्हं दिसतं, पुढच्याला मागच्याचं दिसत नाही. लय पुढचा ठरवतो आणि मागचा ती धरतो. माझी लय संथ, एकसारखी आहे. त्याची कधी जोरात, कधी सुस्त. मी पुढे आल्यावर ताल आपोआप बसला.

किती मागे वजन हवं, हे डोळ्यांनी ठरवू नका. बुडाच्या बाजूला दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर रंगीत चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा. रिकामी कयाक पाण्यात ठेवून दोन्हीकडे पाण्याच्या रेषेची खूण करा. मग दोघं बसा आणि काठावरच्या कुणाला तरी फोटो काढायला सांगा. मागची बाजू पुढच्यापेक्षा दोनतीन सेंटीमीटर जास्त बुडावी. दोघांचं वजन सारखं असेल तर पाण्याचा कॅन आणि नांगर मागे सरकवा. फार मागेही नेऊ नका. मग नाळ हवेत राहते, वारा तिलाच ढकलतो आणि कयाक वाऱ्याच्या दिशेने वळून पळते. तीही तितकीच त्रासदायक.

जागा बदलल्यावर पुन्हा दहा फेऱ्या. वळणं आता सावकाश येत होतं, पण दहापैकी नऊ वेळा डावीकडेच. एक दुखणं गेल्यावर दुसरं उघडं पडलं.

पोटातलं पाणी

कयाक काठावर ओढून नाळ उचलली तेव्हा आतून खळकन आवाज आला. मागच्या बाजूचं बूच काढलं आणि खाली बादली धरली. बादली भरली, वर आणखी तांब्याभर निघालं. सगळं मिळून सुमारे ११ लिटर. वर बसायच्या कयाकचं पोट पोकळ आणि बंद असतं, म्हणून आतलं पाणी दिसत नाही. दर वेळी ते आत येत होतं, आणि बूच काढायची सवय नसल्याने पुढच्या रविवारपर्यंत तिथेच राहत होतं.

११ लिटर म्हणजे ११ किलो. तेवढं वजन सामानाचं असतं तर काही बिघडलं नसतं. पण हे वजन सरकतं. कयाक डावीकडे जराशी कलली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. आमच्या डुलण्याचा मोठा भाग हाच होता, आणि आम्ही मात्र एकमेकांना नीट बसायला सांगत होतो.

गळती शोधायची पद्धत सोपी आहे. बुचाच्या भोकात नळी घालून कडेने ओला कपडा घट्ट गुंडाळा. एकाने तोंडाने हळू फुंकायचं, दुसऱ्याने साबणाचा फेस सगळ्या रिव्हेटांवर, झाकणांच्या कडांवर आणि पाणी निचरण्याच्या भोकांच्या आतून लावत जायचं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका, जोडाला तडा जाईल. आमच्याकडे डाव्या कडीच्या एका रिव्हेटशी मोहरीएवढे बुडबुडे आले, आणि मागच्या एका निचऱ्याच्या भोकात केसासारखी चीर सापडली, जिथे सरळ बघितलं तर काहीच दिसत नव्हतं.

रिव्हेट काढून, खाली सीलंट भरून नवा बसवला. चिरेसाठी आधी इपॉक्सी पुटी लावली होती, ती आठवड्यात पापुद्र्यासारखी सुटली. या कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि त्यावर सहसा काही चिकटत नाही. इलाज आहे वितळवून जोडण्याचा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या याच जातीच्या प्लास्टिकच्या आणि याच पद्धतीने साच्यात फिरवून बनवलेल्या असतात. त्या जोडणारा माणूस जवळच्या बाजारपेठेत मिळतो. त्याने गरम हवेच्या यंत्राने प्लास्टिकची कांडी वितळवून अर्ध्या तासात चीर बुजवली. काम देण्याआधी एवढंच बघा की त्याची कांडीही पॉलिथिलीनची आहे.

आता पाण्यातून बाहेर आलं की आधी बूच काढतो, निघालेलं पाणी बघतो. कपभर चालतं. त्याहून जास्त आलं तर पुन्हा फेस.

बुडाचा पोचा

पाणी काढल्यावर डुलणं खूप कमी झालं, डावीकडची ओढ थोडी उरली. कयाक उलटी करून नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणली आणि जमिनीलगत डोळा नेऊन बघितलं. मागच्या बाजूला डावीकडे तळहाताएवढा भाग आत गेलेला होता. सगळा उन्हाळा ती पडवीबाहेर एका आडव्या बांबूवर ठेवलेली, आणि बांबू नेमका तिथे. उन्हाने प्लास्टिक मऊ पडतं आणि जिथे टेकलेलं असतं तिथे आत जातं. गाडीच्या टपावर पट्टे फार आवळून लांबचा प्रवास केला तरी असंच होतं.

आम्ही ती एप्रिलच्या दुपारी काळ्या ताडपत्रीवर दोन तास ठेवली. प्लास्टिक हाताला चांगलं गरम लागू लागल्यावर मागच्या झाकणातून हात घालून, मूठ कपड्यात गुंडाळून, आतून दाबत राहिलो. ठोकायचं नाही, दाबायचं. पोचा वर आला तशी आतून जुन्या उशीचा आणि लाकडी फळीचा टेकू दिला आणि रात्रभर तसंच ठेवलं. पूर्ण गेला नाही, पण दोरी लावल्यावर जेमतेम दिसतो. आता ठेवताना ती उलटी, सावलीत, दोन रुंद पट्ट्यांवर. पट्टे दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर.

हवा भरून फुगवायच्या कयाकला पोचा पडत नाही, तिथे हवाच मऊ पडते, आणि त्याचं एक गणित सांगण्यासारखं आहे. काठावर तापलेल्या कयाकमधली हवा समजा ४५ अंशांवर आहे आणि पाण्यात ती २५ अंशांवर येते. भरताना बाहेरच्या हवेपेक्षा फक्त दहा टक्के जास्त दाब असेल, तर एवढ्या थंडाव्याने त्या जादा दाबातला निम्म्याहून जास्त भाग जातो. म्हणूनच दहा मिनिटांनी बूड मध्ये खचतं, कयाक केळ्यासारखी वाकते, डुलते आणि वळते. पाण्यात दहा मिनिटं ठेवून, काठाला येऊन, व्हॉल्व्हवर छापलेल्या दाबापर्यंत पुन्हा भरा. परत आल्यावर उन्हात ठेवण्याआधी थोडी हवा सोडायला विसरू नका.

वल्ह्यांचा ताल

वल्ह्याचं पातं पायाच्या बोटांशी पाण्यात घालायचं आणि कमरेशी बाहेर काढायचं. कमरेच्या मागे ओढलेला प्रत्येक फटका कयाक पुढे नेत नाही, वळवतो. दांडा जितका उभा आणि पातं बुडाच्या जितकं जवळ, तितकं वळणं कमी. रुंद कयाकवर आखूड वल्हं घेतलं की पातं नीट बुडत नाही आणि दांडा कडेवर घासतो. ८६ सेंटीमीटर रुंदीसाठी आम्ही २३० सेंटीमीटरची वल्ही वापरतो. आणि पातं सुलटं आहे ना ते बघा: खोलगट बाजू आपल्याकडे, लांब कड वर. कित्येक जण हंगामभर उलटं वल्हं धरून ओढत असतात.

दोघांनी एकाच बाजूला, एकाच क्षणी. बरोबर जमलं की दोन पात्यांचा मिळून एकच "चुबुक" असा आवाज येतो. दोन आवाज आले की कुणीतरी मागे पडलंय. आम्ही पाणी बघणं सोडलं आणि फक्त आवाज ऐकू लागलो, त्यानंतर वल्ही एकमेकांवर आपटणं बंद झालं. दिशा दुरुस्त करायची असेल तर ती मागच्याने करायची, ठरलेल्या तालातच एक फटका जरा लांब, कमानदार मारून. मागे वल्हं सुकाणूसारखं धरून ठेवू नका, सगळा वेग तिथेच मरतो. आणि दोघांनी एकाच वेळी दुरुस्ती करू नये. "मी घेतो," असं मागचा म्हणाला की मी सरळ ओढत राहते.

मग स्केग

एवढं झाल्यावर बिनवाऱ्याच्या पाण्यात कयाक ठीक चालू लागली. आडव्या वाऱ्यात मात्र मागचं टोक अजून सरकायचं, आणि हे काम खरंच स्केगचं आहे. आमचा घरी केलेला आहे. जाड पांढरा चॉपिंग बोर्ड कापून, साधारण २२ सेंटीमीटर लांब आणि १३ सेंटीमीटर खोल. पुढची कड मागे झुकती ठेवली, म्हणजे शेवाळ आणि जाळ्याचे तुकडे अडकत नाहीत, घसरून जातात. बुडाला नवं भोक पाडायचं नाही. मागच्या निचऱ्याच्या भोकांतून नायलॉनचे बोल्ट घालून तो आवळला. नायलॉनचे मुद्दाम, कारण कालवांच्या खडकावर आपटला तर बोल्ट तुटावा, बूड नाही.

बसवताना सगळा वेळ रेषेवर द्या. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणा आणि स्केग तिच्याशी समांतर आहे हे दोन्ही बाजूंनी मोजून बघा. तो थोडा जरी तिरपा बसला तरी आधीसारखीच एका बाजूची ओढ सुरू होते, आणि आता तुम्ही ती स्वतः बसवलेली असते. त्सुनामी आयलंडच्या वाळूवर किंवा उथळ पाण्यात जायचं असेल तर स्केग काढूनच निघा. खाडीच्या मुखाशी लाटांत जाऊ नका. ओहोटीला तिथली ओढ बाहेर समुद्राकडे असते.

अजून डुलत असेल तर

बसायची उंची बघा. आम्ही आरामासाठी आठ सेंटीमीटरच्या फोमच्या उशा घातल्या होत्या. त्या काढून पातळ चटई घातली आणि पहिल्याच वल्ह्याला फरक जाणवला. बर्फाची पेटी मागच्या टपावर उंच बांधलेली होती, ती खाली खळग्यात आणली. पाय टेकायच्या जागा अशा लावा की गुडघे किंचित वाकलेले राहतील आणि टाच घट्ट टेकेल. तोल कमरेतून सांभाळला जातो, पाय लटकते असतील तर तो जमत नाही. थांबल्यावर वल्हं मांडीवर न घेता पातं पाण्यावर आडवं टेकवून ठेवा. मागे वळून बघणं, पाण्याची बाटली काढणं, फोटो काढणं हे एका वेळी एकाने, आणि आधी सांगून. चढताना गुडघाभर पाण्यात, मागच्याने कयाक धरायची, पुढच्याने आधी बूड टेकवून मग पाय आत घ्यायचे.

लहान मूल मध्ये बसणार असेल किंवा गरी टाकायची असेल तर दोन्ही अंगांना तरंगते लावण्यात काही कमीपणा नाही. आपल्या कोकणातल्या आंब्याच्या ओंडक्याच्या होड्यांना उलांडी, म्हणजे बाजूला बांधलेलं तरंगतं लाकूड, असायची ती याचसाठी. फक्त तरंगते पाण्याच्या दोनतीन सेंटीमीटर वर ठेवा, कयाक कलेल तेव्हाच टेकतील असे. सतत पाण्यात घासत असतील तर ओझं वाढतं, आणि एक दुसऱ्यापेक्षा खाली असेल तर कयाक त्या बाजूला ओढली जाते. म्हणजे पुन्हा पहिल्या तक्रारीवर येतो.

हे सगळे प्रयोग कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून करा. आणि एकदा मुद्दाम कलंडवा. कुठवर कलली की परत येते आणि कुठून येत नाही, हे दोघांना माहीत असलं की अंगातला ताठरपणा जातो, आणि ताठ बसलेली दोन माणसं हेही डुलण्याचं एक कारण असतं. उलटल्यावर दोघांनी एकाच बाजूने चढू नका; एकाने पलीकडून धरायची, दुसऱ्याने आडवं पडून वर यायचं.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. वारा तिरका मागून आला की कयाक हळूहळू फिरते. तेव्हा थांबून पाच लिटरचा पाण्याचा कॅन मागच्या खळग्यातून दोघांच्या मधल्या जागेत किंवा तिथून परत मागे नेतो: नाळ वाऱ्यापासून दूर पळत असेल तर पुढे, वाऱ्याकडे वळत असेल तर आणखी मागे. कॅनला दोरी बांधून ठेवली आहे, म्हणजे उठावं लागत नाही. गेल्या रविवारी माडापर्यंत जाताना तो दोनदा सरकवला आणि नवऱ्याने "मी घेतो" असं फक्त तीन वेळा म्हटलं.